आजोळचा नंबर

कन्हेरीला जाऊन येतो, असे मी शेजारच्या बिऱ्हाडात सांगितले, तेव्हा त्या गृहस्थांनी मोठ्या आपुलकीने सल्ला दिला, "पायांत बूट घाला. पावसाळ्यात लेणी फार निसरडी होतात." त्यांची चूक नाही. कन्हेरी म्हटले की सुशिक्षित माणसाला बोरिवलीच्या जंगलातली बौद्ध लेणीच आठवायची. माझी कन्हेरी ती नव्हे. ती बारामती तालुक्यात, काटेवाडीच्या शेजारी आहे. तिथे लेणी नाहीत, धबधबा नाही, थंड हवा तर नाहीच नाही. मारुतीचे देऊळ आहे, उसाची शेते आहेत, कडुनिंबाची झाडे आहेत आणि माझे मामा आहेत. माझे ते आजोळ.

आजोळी जायला माणसाला कारण लागू नये. पण या वेळी कारण होते, आणि ते जरा अवघड होते.

गेल्या अक्षय्य तृतीयेला, म्हणजे ३० एप्रिल २०२५ ला, मी एका विजेच्या स्कूटरचे पैसे भरून नाव नोंदवले होते. पेट्रोलच्या खर्चाला कंटाळलेल्या मध्यमवर्गीय माणसाने करावे तेच मी केले. कंपनीचे नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण मी जे सांगणार आहे ते एकट्या कुठल्या कंपनीचे नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात दुकानातून फोन आला : "साहेब, तुमची गाडी आली. गणपतीला घेऊन जा." घरात आनंदीआनंद झाला. त्याच संध्याकाळी कन्हेरीहून पुतणीचा, म्हणजे माझ्या मामेभावाच्या मुलीचा, सहज खुशालीचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "काका, माझी गाडी अजून नाही हो आली. पाडव्याला पैसे भरलेत."

गुढीपाडवा ३० मार्चला होता. कंपनी तीच, गाडी तीच, रंगसुद्धा तोच. आणि ती माझ्या आधी बरोबर एक महिना. मी "येईल, येईल" म्हटले आणि माझी गाडी आल्याचे तिला सांगितलेच नाही. रात्री झोप आली नाही. झोप न येण्याइतके यात काय आहे, असे वाचकांना वाटेल. त्यासाठी पन्नास वर्षे मागे जावे लागेल. पण आधी कन्हेरीला तर पोहोचू.

श्रावणातल्या शेवटच्या शनिवारी स्वारगेटहून सकाळची एस.टी. पकडली. दिव्याचा घाट, सासवड, जेजुरी, मोरगाव हा रस्ता मला तोंडपाठ आहे. दिवे घाट चढेपर्यंत पाऊस असतो. सासवडला ढग उरतात. जेजुरीला खंडोबाचा गड उन्हात दिसू लागतो, आणि मोरगाव मागे पडले की आभाळाचा आणि पावसाचा संबंध संपतो. पुण्यात छत्री उघडून बसमध्ये चढलेला माणूस बारामतीत उतरतो तेव्हा ती छत्री उन्हासाठी उघडतो. या भागाला निसर्गाने फारसे काही दिले नाही. दिले ते नीरेच्या डाव्या कालव्याने. कालव्याचे पाणी जिथवर गेले तिथवर ऊस आणि जिथे गेले नाही तिथे बाभळी, अशी सरळ वाटणी पूर्वी गाडीच्या खिडकीतून दिसे. अजूनही थोडीफार दिसते.

बारामतीचे नवे बसस्थानक पाहून मी क्षणभर चुकीच्या गावी उतरलो की काय अशा शंकेत पडलो. विमानतळासारखे ते झाले आहे. लहानपणी आम्ही दौंडहून अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने यायचो. ती इतकी सावकाश जाई की आमच्यातला एखादा धीट मुलगा उतरून, बोरे वेचून, पुन्हा चढत असे असे मामा सांगत. मी स्वतः तसे कधी केले नाही. पण कन्हेरीत सांगितलेल्या गोष्टीची शहानिशा करायची पद्धत नाही.

स्थानकाबाहेर वडाप उभे होते. वडाप म्हणजे भरतील तितकी माणसे भरून धावणारी तीनचाकी. चालकाच्या डाव्या मांडीपाशी मला जागा मिळाली. मी विचारले, "गाडी नवी दिसते?" तो म्हणाला, "नवी न्हाई, पर पक्की हाय. हितलीच की ही. हितंच जन्मली."

त्याचे खरे होते. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत इटलीच्या पियाजिओ कंपनीचा कारखाना आहे आणि या तीनचाक्या तिथेच तयार होतात. आपण तिला 'ॲपे' म्हणतो. इटालियन लोक 'आपे' म्हणतात आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ मधमाशी. तिची थोरली बहीण व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. दुसऱ्या महायुद्धात या कंपनीचा पोंतेदेराचा कारखाना बॉम्बखाली उद्ध्वस्त झाला. विमाने बनवणारे हात रिकामे झाले. तेव्हा कोर्रादिनो दास्कानियो नावाच्या विमानांच्या इंजिनीयराने १९४६ मध्ये व्हेस्पा काढली आणि दोन वर्षांनी तिच्यावरूनच मालवाहू मधमाशी निघाली. बारामतीत आधी मधमाशी आली. २०१२ पासून गांधीलमाशीही इथेच बनू लागली, आणि २०१९ मध्ये कंपनीने विजेवरची मधमाशी बाजारात आणली. मी हे सारे चालकाला सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "माशी न्हाई साहेब, म्हैस हाय. बारा माणसं वढती."

कन्हेरीच्या फाट्यावर उतरलो. शनिवार म्हणून मारुतीला गर्दी होती. हातांत रुईच्या माळा, तेलाच्या वाट्या, नारळ. हा मारुती साधा नाही. बारामतीचे पवार घराणे निवडणुकीच्या प्रचाराचा नारळ त्याच्यापुढेच फोडत आले आहे, त्यामुळे दर निवडणुकीला वर्तमानपत्रांत त्याचे नाव येते. एरवी तो आमचा असतो. मी दर्शन घेतले. वाहनांच्या बाबतीत या देवाचे नाव आपल्या देशात दुहेरी झाले आहे, हे देवळाबाहेरच्या मोटारी पाहून लक्षात आले. १९८३ मध्ये मारुती मोटारीसाठी लोकांनी नावे नोंदवली ती लाखावर गेली, आणि पहिली गाडी कोणाला द्यायची हे सोडत काढून ठरले. दिल्लीच्या हरपाल सिंगांचे नाव निघाले आणि १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी त्यांच्या हाती किल्ली दिली. सोडतीत निदान नशिबाला दोष देता येतो.

मामा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. वय ब्याऐंशी, त्यांच्या मते चौऱ्याऐंशी, मामींच्या मते ऐंशी. मला पाहून म्हणाले, "काय रं, न सांगता? घरी समदं ठीक हाय ना?" न सांगता आलेला पुणेकर म्हणजे काहीतरी विपरीत, अशी तिथली समजूत आहे.

आता ती पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट.

मामा भवानीनगरच्या साखर कारखान्यात टाइमकीपर होते. रोज सायकलीने जात. रात्रपाळीला उसाच्या गाड्यांच्या रांगेतून, अंधारात, चिखलात. १९६८ साली त्यांचे लग्न झाले आणि त्याच वर्षी त्यांनी स्कूटरला नंबर लावला. पोस्टात अडीचशे रुपये ठेवायचे, ते पासबुक विक्रेत्याच्या नावे अडकवायचे आणि वाट पाहायची, अशी ती रीत होती. मामींना त्यांनी सांगितले होते, स्कूटर आली की पहिल्यांदा जेजुरीला जाऊ. नव्या जोडप्याने खंडोबाला जायचे असतेच, ते एस.टी.ने जाऊन आलेही. पण स्कूटरवरून जायचे ते निराळे, असे ठरले.

त्या काळी स्कूटर हवी म्हणून मिळत नसे. १९६० च्या एका सरकारी आदेशाने स्कूटर कोणी कोणाला कशी विकायची हे ठरवून टाकले होते, आणि कारखान्याने वर्षाला किती बनवायच्या हेही परवान्यात लिहिलेले असे. बजाज कंपनीला १९५९ मध्ये परवाना मिळाला, आकुर्डीला कारखाना उभा राहिला आणि पियाजिओशी करार करून व्हेस्पा पुण्यात बनू लागली. १९७१ मध्ये तो करार संपला. पुढच्या वर्षी राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली. मागणी डोंगराएवढी आणि परवाना टेकडीएवढा. त्यामुळे रांग दहा-दहा वर्षांपर्यंत लांबली. मुलगा जन्मला की बाप नंबर लावी, असे लोक विनोदाने म्हणत. रांगेलाही चोरवाटा होत्याच. परदेशी चलनात पैसे भरले की गाडी लौकर मिळे. म्हणून आखातातला किंवा विलायतेतला एखादा नातेवाईक त्या दिवसांत सख्ख्या भावापेक्षा जवळचा वाटे. सरकारी नोकरांसाठी वेगळा वाटा असे. ज्याला यांपैकी काही नाही तो मामांसारखा उभा राही.

१९७२ चा दुष्काळ आला. नीरेच्या कालव्याखालचे थोडेफार तगले, पण आमच्या आजोबांची जमीन कालव्याच्या वरच्या अंगाला होती. चारा संपला. आजीने मामांना सांगितले, पोस्टातले पैसे काढ. पैसे काढले असते तर नंबर गेला असता. मामांनी काढले नाहीत; बैल विकला. ही गोष्ट त्यांनी मला सांगितली नाही, मामींनी सांगितली, आणि तीसुद्धा भाजी निवडताना, मान वर न करता.

१९७५ साली नंबर आला. आणि त्याच साली माझ्या आईचे लग्न ठरले. मुलगा पुण्याचा, कारकून, स्वतःचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड. मुलाच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या पुण्याच्या आजोबांनी, बैठकीत सांगितले की आम्हांला रोख काही नको, मुलाला ऑफिस लांब पडते, तेवढी स्कूटर द्या. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. पण स्कूटरला कोणी हुंडा म्हणत नसे. मामांनी शब्द काढला नाही. कागद त्यांच्या नावावर राहिले आणि गाडी लग्नाच्या मांडवातून माझ्या वडिलांनी चालवत पुण्याला नेली.

त्या स्कूटरवर मी वाढलो. पुढे, हँडलला धरून, वडिलांच्या दोन्ही हातांच्या मध्ये उभा राहून मी पुणे पाहिले. पर्वती, सारसबाग, गणपतीची रोषणाई, दवाखाना, शाळेचा पहिला दिवस. किक मारण्याआधी वडील ती एका बाजूला कलती करीत, तशी आमच्या गल्लीतल्या साऱ्याच स्कूटरी करीत असत. ती कोणाच्या रांगेतून आली होती हे मला तीस वर्षांचा होईपर्यंत ठाऊक नव्हते. आई सांगत नसे. कळल्यावर मी मामांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "सायकलीला काय झालं व्हतं?" निवृत्त होईपर्यंत ते सायकलीनेच कारखान्यावर गेले.

म्हणून मला झोप आली नाही. आमच्या घराने कन्हेरीचा नंबर एकदा घेतलाच होता.

पुतणी दुपारी कामावरून आली. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ती मालाची तपासणी करते. जाऊन-येऊन तीसएक किलोमीटर. बारामतीपर्यंत वडाप, तिथून पुढे दुसरे वडाप. सकाळच्या पाळीला हे जमते. आता तिला दुसऱ्या पाळीची जबाबदारी देऊ केली होती, पगार वाढवून, १ सप्टेंबरपासून. पाळी सुटते रात्री. वडाप तोवर बंद झालेले असतात. कर्ज मंजूर करून घेतले, परवाना काढला, पाडव्याला पैसे भरले. सगळे तिने नीट मोजून केले होते. गाडी तेवढी तिच्या मोजण्यात नव्हती.

तिने मला फोनवरचे कंपनीचे पान दाखवले. तिचे नाव, गाडीचा रंग, भरलेली रक्कम, आणि खाली एकच शब्द : 'प्रक्रियेत'. "एप्रिलमध्ये पण हेच होतं," ती म्हणाली.

मामा उठून आत गेले आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात पोस्टाचे जुने पासबुक होते आणि नंबराची पिवळी पावती. "आमच्या टायमाला नंबर असायचा," ते म्हणाले. "महिन्या-दोन महिन्यांनी बारामतीला जायाचं, फळ्यावर बघायचं. कुठवर आलं ते दिसायचं. तुमचं ह्ये दिसतच न्हाई."

मला वाटते, मामांनी नेमकी गोष्ट सांगितली. जुनी रांग अन्यायाची होती, चोरवाटांनी पोखरलेली होती, पण तिला तोंड होते आणि शेपूट होते. आजच्या रांगेत तुम्ही कुठे उभे आहात ते कोणी सांगत नाही, कारण ती रांगच नव्हे. कोणती गाडी आधी बनवायची आणि बनलेली कोणत्या गावी आधी धाडायची, हे कारखाना ठरवतो. पैसे कोणी आधी भरले याला त्यात स्थान असते, पण ते पहिले नसते.

याची उदाहरणे दूरची नाहीत. नवी विजेची चेतक जानेवारी २०२० मध्ये आली ती फक्त पुणे आणि बंगळूर या दोन शहरांत. महामारीने काम थांबले; एप्रिल २०२१ मध्ये नोंदणी पुन्हा उघडली आणि दोन दिवसांत बंद करावी लागली. चाकणला महिंद्राने विजेच्या दोन मोठ्या मोटारी केल्या, त्यांची नोंदणी १४ फेब्रुवारी २०२५ ला उघडली. एका दिवसात ३०,१७९ नावे. पण त्यांतली सर्वांत महागडी जात मार्चपासून घरोघर पोहोचू लागली, आणि सर्वांत स्वस्तीची पाळी कंपनीने सुरुवातीलाच ऑगस्टमध्ये लावून ठेवली होती. लपवले काही नाही. वेळापत्रक छापूनच दिले होते. बहुतेकांनी मागितलीही महागडीच होती. अमेरिकेच्या टेस्लाने हाच मार्ग आधी मळला. ३१ मार्च २०१६ ला हजार डॉलर भरून लोकांनी तिच्या स्वस्त म्हणवलेल्या मोटारीसाठी नावे नोंदवली. पहिल्या गाड्या पुढच्या वर्षी जुलैमध्ये निघाल्या, त्याही कंपनीच्या नोकरांना, आणि आधी महाग तेवढ्या. पस्तीस हजार डॉलरची जी सांगितली होती ती २०१९ पर्यंत आली नाही. आपल्या देशातूनही काहींनी तेव्हा ते हजार डॉलर भरले होते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे दुकान उघडले ते जुलै २०२५ मध्ये, आणि विकायला ठेवली ती निराळीच मोटार.

कारखान्यांची बाजूही ऐकली पाहिजे. महाग गाडीत नफा असतो आणि नव्या यंत्रसामग्रीचे कर्ज तो फेडतो. शहरात दुरुस्तीची सोय असते. खेड्यात एक गाडी बंद पडली तर तिच्यामागे माणूस धाडावा लागतो. आणि या वर्षी तर एक वेगळेच संकट आले. विजेच्या स्कूटरच्या मोटरमध्ये जोरकस लोहचुंबक असते, आणि त्यात दुर्मिळ मृदा म्हणतात ती मूलद्रव्ये लागतात. जगातली अशी बहुतेक चुंबके चीनमध्ये बनतात. ४ एप्रिल २०२५ ला, अमेरिकेशी जकातीवरून भांडण लागल्यावर, चीनने अशा सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना लावला. परवाना! मामांच्या काळातला शब्द बीजिंगहून परत आला. बजाज कंपनीने जुलैमध्ये जाहीरपणे सांगितले की ऑगस्टमध्ये चेतक कदाचित एकही बनणार नाही. पुढे २० ऑगस्टच्या सुमारास माल मिळून काम सुरू झाले. हातात चुंबके मोजकी असली की ती कोणत्या गाडीत घालायची आणि ती गाडी कोणत्या दुकानात ठेवायची, हा प्रश्न येतोच. या प्रश्नाच्या उत्तरात कन्हेरी कुठे बसणार? गणपतीच्या आधी पुण्यात गाड्या दिसल्या पाहिजेत.

हे सगळे मी ओसरीवर बसून समजावून सांगितले. चुंबकाचा तुकडा केवढा असतो, असे मामींनी विचारले. मी बोटाने दाखवला. "एवढ्याशासाठी?" त्या म्हणाल्या, आणि आत चहा ठेवायला गेल्या.

मग मी मुद्द्यावर आलो. माझी गाडी आली आहे, ती तू घे. तुझी येईल ती मी घेईन. रक्कम सारखी, रंगही सारखा. बोलताना माझा आवाज जरा दाटला होता, हे कबूल करतो. मला वाटले होते की पन्नास वर्षांचे काहीतरी या वाक्याने फिटेल.

पुतणीने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "काका, तसं होत नाही. नोंदणी दुसऱ्याच्या नावावर फिरत नाही. सरकारची सवलत आधारवर आहे. तोंडाचा फोटो काढून जुळवतात, मगच व्हाउचर निघतं. तुमचं तोंड आणि माझं तोंड जुळायचं नाही." मग थोडे थांबून म्हणाली, "आणि माझ्या गाडीला एम.एच. ४२ पाहिजे. बारामतीचा नंबर. तुमचा बाराचा नको."

मामा मोठ्याने हसले. मला हसू आले नाही. मी म्हटले, "मग पहिल्या तारखेचं काय?"

ती गप्प राहिली. तिचा बाप म्हणाला, मी आणीन रोज मोटरसायकलवर. पण त्याच्या पाठीचे दुखणे घरात सगळ्यांना माहीत होते. मामी चहा घेऊन आल्या होत्या. कपबश्या खाली ठेवत त्यांनी मला विचारले, "तुझी गाडी तुझ्याच नावावर ऱ्हाऊ दे. पर उसनी देशील का? दळणाला पीठ देतात तशी. तिची आली की ने माघारी."

एवढे सोपे मला सुचले नव्हते. मी पुण्याहून दानशूर होऊन आलो होतो. उसनवारीचा विचार डोक्यात शिरलाच नाही. पुतणी लगेच म्हणाली, "उसनी चालेल. विजेचे पैसे माझे, आणि ओरखडा पडला तर तोही माझा."

गणेश चतुर्थीला, २७ ऑगस्टला, मी गाडी घेतली. पेढे, हार, लिंबू, सगळे झाले. सौ.ला तिच्यावर बसवून एकदा सारसबागेपर्यंत नेऊन आणले, म्हणजे तिचाही हक्क राहिला. नि रविवारी पहाटे कन्हेरीला निघालो. कागदावर सव्वाशे किलोमीटर लिहिले होते; पण दिवे घाटाने त्यातला केवढा घास घेतला ते काटा पाहून कळले. जेजुरीला एका हॉटेलात मालकाने खटका लावू दिला. "विजेचं किती घ्यायचं असतं?" त्यानेच मला विचारले. शेवटी एक मिसळ आणि दोन चहा यांत हिशेब मिटला. गाडी पोटभर होईपर्यंत मी गड चढून खंडोबाचे दर्शन घेऊन आलो.

दुपारी कन्हेरीत शिरलो तेव्हा गौरी आवाहनाची गडबड चालली होती. अंगणात रांगोळीची पावले काढलेली. गाडीचा आवाज होत नाही, त्यामुळे मी अगदी ओसरीला टेकेपर्यंत कोणाला कळले नाही. मामा काठी टेकत आले. चारी बाजूंनी पाहिले. किक कुठे आहे ते शोधले. नाही म्हटल्यावर त्यांनी तिला हात लावून किंचित एका बाजूला कलती केली आणि पुन्हा सरळ केली. बोलले नाहीत.

पुतणीने मारुतीपर्यंत एक फेरी मारली. मग परत आली आणि आजीपुढे थांबली. मामी नाही नाही म्हणत राहिल्या. हातांना कुंकू लागले आहे, गौरी अजून आत घ्यायच्या आहेत, नऊवारीत कसे बसू, लोक काय म्हणतील. शेवटी सुनेने त्यांना बसवले, एका बाजूला पाय करून, नातीच्या खांद्याला घट्ट धरून. गाडी फाटकाबाहेर गेली. देवळाला वळसा घालून परत यायला पाच मिनिटे लागतात. वीस मिनिटे झाली तरी दोघी आल्या नाहीत. मामेभाऊ रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मामा मात्र खुर्चीतून हलले नाहीत, म्हणाले, "काटेवाडीपातूर गेल्या असतील. जाऊ दे."

मी संध्याकाळच्या एस.टी.ने परत आलो. हा मजकूर लिहीपर्यंत महिना होत आला आहे. दुसरी पाळी सुरू झाली, काका, रात्री साडेअकराला घरी पोहोचते, असा तिचा निरोप असतो. परवा तिने फोनवरचे ते पान मला पुन्हा धाडले. शब्द तोच आहे. खाली तिने लिहिले होते, आजी विचारते आहे, जेजुरीला जायला एकदा चार्ज पुरेल का.